ताळा आधी, मॅक्रो नंतर

पत्र:

ताई, नमस्कार. माझं वय ४६. हिशेबाच्या कामात आहे, त्यामुळे एक्सेल रोज उघडतो. पण येतं ते बेरीज, सरासरी आणि व्हीलुकअप एवढंच. गेली सहा वर्षं जमेल तसे शेअर घेतोय. आता वाटतं की एक्सेलमधलं प्रोग्रामिंग शिकून शेअरचा अभ्यास स्वतःच करावा. व्हीबीए, म्हणजे एक्सेलमधली प्रोग्रामिंगची भाषा, शिकायला घेतलं, अर्ध्यात सुटलं. मग कुणी म्हणालं की व्हीबीएचे दिवस गेले, पायथन ही दुसरी भाषा शिका. मध्यंतरी एका मित्राने तयार शीट दिली. चाळीस रकाने, हिरवं दिसलं की घ्या, लाल दिसलं की विका. आत काय चाललंय ते मला कळत नाही, पण हिरवं दिसलं की हात शिवशिवतात. सुरुवात कुठून करू? या वयात हे जमेल का? आणि पुढेमागे याच्या जोरावर नोकरी सोडता येईल का?

उत्तर:

नमस्कार.

वयाचं आधी सांगते. तुम्ही सेलमध्ये बरोबरचं चिन्ह टाकून पहिलं सूत्र लिहिलंत, त्या दिवसापासून तुम्ही प्रोग्रामिंगच करताय. डॅन ब्रिकलिन हार्वर्डमध्ये व्यवस्थापन शिकत होते, तेव्हा फळ्यावरच्या तक्त्यात एक आकडा बदलला की पुढचे सगळे पुसून पुन्हा लिहावे लागत. ते आपोआप बदलले तर, या विचारातून त्यांनी आणि बॉब फ्रँकस्टन यांनी १९७९ मध्ये व्हिजिकॅल्क आणलं. स्प्रेडशीट जन्माला आली ती हिशेब करणाऱ्या माणसासाठी, म्हणजे तुमच्यासाठी. शिवाय संगणक शिकलेल्या तरुणांकडे नसलेली एक सवय तुमच्याकडे आहे: ताळा जमल्याशिवाय तुम्ही वही मिटत नाही. माझं पुढचं सगळं सांगणं त्या सवयीवरच उभं आहे.

तुमच्या पत्रात व्हीबीए आहे, पायथन आहे, चाळीस रकाने आहेत. पण प्रश्न नाही. शीटला नेमकं काय विचारायचंय? "कोणता शेअर घेऊ" हा प्रश्न पहिल्या वर्षी बाजूला ठेवा. पहिला प्रश्न असा घ्या: या सहा वर्षांत माझ्या पैशाला खरोखर किती टक्के सुटले? बहुतेकांना हे ठाऊक नसतं, आणि हे काढता काढता निम्मं एक्सेल शिकून होतं.

नवी फाईल उघडा. रकाने सात: तारीख, कंपनी, खरेदी की विक्री, नग, भाव, दलाली व कर, आणि हातातून गेलेली किंवा हातात आलेली निव्वळ रक्कम. गेलेली रक्कम उणे, आलेली अधिक. मिळालेला लाभांशही अधिक रक्कम म्हणून स्वतंत्र ओळीत. अगदी शेवटच्या ओळीत आजची तारीख आणि आज हातात असलेल्या शेअरचं एकूण मूल्य, जणू आज सगळं विकलं. मग एक्सआयआरआर या फंक्शनला रकमांचा आणि तारखांचा रकाना द्या. उत्तर वार्षिक टक्क्यांत येतं.

हा एवढा खटाटोप का, साधी सरासरी का नको, हे एका उदाहरणाने सांगते. समजा पहिल्या दिवशी तुम्ही १०० गुंतवले. वर्षात शेअर दुप्पट झाला, २०० झाले. आनंदाच्या भरात तुम्ही त्यात आणखी १,००० घातले. दुसऱ्या वर्षी शेअर १० टक्के पडला, म्हणजे १,२०० चे १,०८० उरले. आता परतावा किती? अधिक १०० आणि उणे १० यांची सरासरी ४५ टक्के. चक्रवाढीने काढलं तर दोन वर्षांत शेअर १.८ पट झाला, म्हणजे वर्षाला सुमारे ३४ टक्के. आणि एक्सआयआरआर सांगतं उणे १.७ टक्के. खिशाला विचारा, १,१०० गेले आणि १,०८० आले. ४५ हा आकडा टाकून द्या, टक्क्यांची अशी सरासरी काढतच नाहीत. ३४ टक्के त्या शेअरने कमावले. उणे १.७ तुम्ही कमावले. शेअर चांगला होता, पण मोठी रक्कम चुकीच्या वेळी आत गेली. हा फरक स्वतःच्या व्यवहारांवर ज्याने एकदा पाहिला, त्याला पुढे कुणाच्याही "इतके टक्के सुटले" या वाक्यावर लगेच विश्वास ठेवता येत नाही.

त्याच फाईलमध्ये आणखी एक रकाना करा. ज्या ज्या तारखेला तुम्ही पैसे घातले, त्याच तारखेला तेवढेच पैसे निर्देशांकावर चालणाऱ्या साध्या फंडात घातले असते तर आज किती झाले असते? त्याचंही एक्सआयआरआर काढा. दोन आकडे शेजारी शेजारी ठेवा. हे करताना माझे हात थरथरले होते. तुमचेही थरथरतील, तरी करा. एक सूचना: एक्सआयआरआर अंदाज करत करत उत्तराकडे जातं आणि कधी कधी वाटेतच अडकतं, मग शून्याला चिकटलेला विचित्र आकडा देतं. तसं दिसलं तर तिसऱ्या जागी स्वतःचा अंदाज, समजा उणे ०.१, देऊन पाहा.

आता भावांकडे येऊ. सर्वाधिक वेळ यात जातो आणि शिकवणारे बहुतेक यावरून घाईत पुढे जातात. बाहेरून आणलेले भाव म्हणजे न निवडलेलं धान्य. ॲपलचा शेअर २८ ऑगस्ट २०२० ला ४९९.२३ डॉलरवर बंद झाला आणि पुढच्या सत्रापासून, ३१ ऑगस्टपासून, एका शेअरचे चार झाले. कच्च्या भावांची यादी घेतलीत तर शीटला वाटेल की कंपनी एका दिवसात पाऊण बुडाली. विभाजन धरून दुरुस्त केलेल्या यादीत तोच २८ तारखेचा भाव १२४.८१ दिसतो. दोन्ही आकडे खरे आहेत, पण तुमच्या हातात कोणती यादी आहे हे तुम्हाला माहीत हवं. म्हणून भाव कुठूनही आणा, एक्सेलच्या स्टॉकहिस्टरीने, गूगल शीट्सच्या गूगलफायनान्सने किंवा फाईल उतरवून. आधी ज्याच्या विभाजनाची तारीख तुम्हाला पक्की ठाऊक आहे असा एक शेअर घ्या आणि त्या दिवशी काय दिसतं ते डोळ्यांनी पाहा. लाभांश धरलाय की नाही, हेही तसंच लाभांशाच्या तारखेला तपासा.

तारखांचंही असंच. एक्सेलच्या पोटात तारीख म्हणजे नुसता क्रमांक असतो, १ जानेवारी १९०० म्हणजे १. पण बाहेरून आलेल्या फाईलमध्ये ती पुष्कळदा तारखेसारखी दिसणारी अक्षरं असते, किंवा दिवस आणि महिना यांची अदलाबदल झालेली असते. ५ मार्चचा ३ मे होतो आणि कुणी हाक मारत नाही. शेजारी इझनंबर लावा. "फॉल्स" आलं की ती तारीख नाही, अक्षरं आहेत. अदलाबदल मात्र त्यात पकडली जात नाही. तिच्यासाठी प्रत्येक तारखेतून आधीची वजा करून पाहा. फरक एक ते चार-पाच दिवसांचा असायला हवा. कुठे तीस दिसले, कुठे उणे दिसलं की तिथे थांबा. एक्सेल उलटंही करतं, तुमच्या अक्षरांना स्वतःहून तारीख बनवतं. या सवयीने जीवशास्त्रज्ञांना इतका त्रास झाला की २०२० मध्ये मानवी जनुकांना नावं देणाऱ्या समितीने मार्च १, सेप्ट १ अशा चिन्हांची नावंच बदलून टाकली. शेअरची छोटी चिन्हंही याच दाराने बिघडतात, म्हणून तो रकाना आधी "टेक्स्ट" करा आणि मगच आत काही चिकटवा.

आणलेल्या कच्च्या आकड्यांची शीट वेगळी ठेवा आणि तिला हात लावू नका. दुसरीत हिशेब, तिसरीत निकाल. दुरुस्ती करायची ती दुसऱ्या शीटमध्ये, सूत्राने, म्हणजे सहा महिन्यांनी पाहताना काय बदललं ते दिसतं.

आता ताळा. कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ हे मोठे अर्थतज्ज्ञ. देशावरचं कर्ज आणि वाढीचा वेग यांवरचा त्यांचा २०१० चा निबंध जगभर धोरणांच्या चर्चेत पुढे केला गेला. २०१३ मध्ये थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने त्यांची मूळ एक्सेल फाईल उघडली, तर सरासरीचं सूत्र ४९ व्या ओळीपर्यंत जायला हवं होतं, ते ४४ व्या ओळीवर थांबलं होतं. वीसपैकी पाच देश गळाले होते. निबंधावरचे बाकीचे आक्षेप वेगळे आणि जास्त वजनाचे होते, पण ही चूक अशी होती की शेजारी ओळी मोजणारा एक काउंट लावला असता तर त्याच दिवशी सापडली असती. चूक दाखवून द्यायला एक्सेल कधी लाल होत नाही. चुकीच्या ओळींची सरासरीही ते तितक्याच आत्मविश्वासाने देतं.

म्हणून प्रत्येक शीटच्या वर चार-पाच ताळ्यांची एक पट्टी ठेवा. खरेदीचे नग वजा विक्रीचे नग बरोबर खात्याच्या उताऱ्यातले नग. भावांच्या ओळी जितक्या, तितक्याच परताव्याच्या, एक कमी. सगळ्या निव्वळ रकमांची बेरीज, म्हणजे गेलेल्या आणि आलेल्या (आजच्या मूल्याची शेवटची ओळ सोडून), बँकेच्या पुस्तकाशी जुळते का. जुळलं तर शून्य, नाहीतर फरक. तुम्हाला हे मी काय शिकवणार, रोज करताच. फक्त शेअरच्या शीटमध्ये ते करायचं, हे बहुतेक जण विसरतात.

याहून उपयोगी ताळा म्हणजे खोटा शेअर. ज्याचा भाव दररोज बरोबर एक टक्का वाढतो, असा शेअर स्वतः बनवा आणि तुमच्या हिशेबातून जाऊ द्या. रोजचा परतावा सगळीकडे एक टक्का, चढउतार शून्य, शिखरापासूनची घसरण शून्य यायला हवी. दुसरा असा बनवा की आधी अर्धा होतो आणि मग दुप्पट. एकूण परतावा शून्य आणि घसरण ५० टक्के आली पाहिजे. शिखरापासूनच्या घसरणीचं सूत्र तर जरूर लिहाच, त्यात डॉलरच्या चिन्हाचा खरा अर्थ कळतो. भाव बी रकान्यात असतील तर पहिल्या भावाच्या शेजारी मॅक्स(बी$२:बी२) लिहून खाली ओढा. सुरुवात खिळलेली राहते आणि शेवट सरकतो, म्हणजे प्रत्येक दिवशी "आजवरचं शिखर" मिळतं. आजचा भाव भागिले शिखर, वजा एक, झाली घसरण.

आता माझ्याबद्दल थोडं, कारण हे मी पुस्तकात वाचून शिकले नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी मी मूव्हिंग ॲव्हरेजवर एक नियम बांधला. २० दिवसांची सरासरी ५० दिवसांच्या सरासरीच्या वर गेली की घ्यायचं, खाली आली की विकायचं. शीटमध्ये नफ्याची रेघ अशी देखणी चढत गेली की रात्री झोप लागली नाही. चार महिने त्या नियमाने खरे पैसे लावले आणि गमावले. मग एका रविवारी एकेक सेल हाताने सोडवला. सरासरीत आजचा बंद भाव धरलेला होता, आणि खरेदी मी आजच्याच उघडत्या भावाने मांडली होती. संध्याकाळी कळणारी गोष्ट माझ्या शीटला सकाळीच ठाऊक होती! निर्णयाचा रकाना एक ओळ खाली सरकवला, म्हणजे आज कळलेलं उद्या वापरलं, आणि ती देखणी रेघ आडवी झाली. दलाली घातल्यावर उतरली.

यानंतर मी दुसरी चूक केली, तीही सांगते. २० आणि ५० ऐवजी १२ आणि ३५, १७ आणि ६०, असे शेकडो जोड चालवले आणि सर्वांत चांगला निवडला. इतके जोड चालवले की एखादा चमकणारच. त्यात शेअरचा गुण नसतो. यावर एक उपाय आहे, तो एक्सेलमध्ये दहा मिनिटांत होतो आणि मला त्याने सगळ्यात जास्त शिकवलं. निव्वळ नशिबावर चालणारा भाव बनवा: आधीचा भाव गुणिले (एक अधिक नॉर्म-इन्व्ह(रँड(), ०, ०.०१)). अशा हजार ओळी. याला ना कंपनी आहे, ना बातमी. यावर तुमचा आवडता नियम लावा आणि एफ९ दाबत राहा. प्रत्येक वेळी नवा भाव, नवा निकाल. पन्नास वेळा दाबा आणि निकाल लिहून ठेवा. काही वेळा नियम भरघोस नफा दाखवेल. केवळ नशिबाने किती मिळू शकतं, त्याचं ते माप. खऱ्या शेअरवर तुमच्या नियमाने मिळवलेला नफा या मापात बसत असेल, तर नियमाला काही कळतं असं समजू नका. आणि जुन्या भावांवर नियम तपासताना आज जिवंत असलेल्या कंपन्यांचीच यादी घेतलीत, तर वाटेत बुडालेल्या कंपन्या आपोआप वगळल्या जातात आणि कोणताही नियम शहाणा दिसतो, हेही ध्यानात ठेवा.

आता साधनं. इथे मी फार वेळ घालवत नाही, कारण गरज पडली की ती शिकून होतात. व्हीलुकअपऐवजी एक्सलुकअप वापरायला लागा. मध्ये रकाना घातला तरी ते मोडत नाही. यादीला "टेबल" बनवा, म्हणजे ओळी वाढल्या की सूत्रं आपोआप वाढतात आणि ४४ व्या ओळीवर थांबण्याची भीती जाते. मग फिल्टर (अटीत बसणाऱ्या ओळी काढून देतं) आणि लेट (सूत्रातल्या तुकड्याला नाव देतं). दर महिन्याला तीच फाईल तशीच साफ करावी लागतेय असं दिसलं की पॉवर क्वेरी शिका; २०१६ पासून ती एक्सेलच्या आतच आहे, आणि साफसफाईसाठी तुम्हाला व्हीबीएपेक्षा ती जास्त उपयोगी पडेल.

व्हीबीए १९९३ मध्ये एक्सेलमध्ये आलं आणि अजून चालतंय. एकच काम दहाव्यांदा हाताने करताना वैतागलात की त्या दिवशी मॅक्रो रेकॉर्डर चालू करा (तुम्ही केलेलं काम तो व्हीबीएत लिहून ठेवतो, त्या लिहिलेल्याला मॅक्रो म्हणतात), काम करा, आणि त्याने काय लिहिलं ते वाचा. त्या वैतागातून शिकलेलं टिकतं. तुमचं अर्ध्यात सुटलं ते याचसाठी, हातात काम नव्हतं. दोन गोष्टी पहिल्या दिवसापासून पाळा: वर "ऑप्शन एक्स्प्लिसिट" लिहा, म्हणजे नावात एक अक्षर चुकलं तरी ते लगेच सांगेल, आणि ओळी मोजायला "इंटिजर" नको, "लाँग" घ्या, कारण इंटिजर ३२,७६७ ला संपतो.

पायथनची वेळ केव्हा येते, ते साध्या गुणाकाराने कळतं. एक्सेलच्या शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात. तीस कंपन्या, वीस वर्षं, वर्षाचे साधारण २५० दिवस: दीड लाख ओळी, आरामात बसतात. पाचशे कंपन्या घेतल्या की पंचवीस लाख होतात आणि शीट संपते. तुमच्याकडे पाचशे कंपन्यांचा प्रश्न आहे का? आज नाही. येईल तेव्हा पायथन शिका, आणि तेव्हा ते सोपं जाईल, कारण काय विचारायचं ते ठाऊक असेल.

मित्राची शीट फेकू नका, तिच्यावर अभ्यास करा. एक हिरवा सेल निवडा. "ट्रेस प्रिसिडेंट्स" दाबत बाणांच्या मागे मागे जा, पार कच्च्या भावापर्यंत. वाटेत काय काय लागलं ते कागदावर आपल्या मराठीत लिहा: "गेल्या चौदा दिवसांत वाढ जास्त आणि उलाढाल सरासरीच्या वर, म्हणून हिरवं." असं एक वाक्य लिहिता आलं तर तो नियम आधी नशिबाच्या भावावर चालवून पाहा. वाक्य लिहिता आलं नाही, तर त्या हिरव्यावर एक पैसाही लावू नका. हात शिवशिवतील. त्या वेळी फाईल बंद करा आणि खरेदी करायची ती दुसऱ्या दिवशी.

आणि नोकरी. सोडू नका. हे मी जपून बोलायचं म्हणून बोलत नाही, त्यामागे हिशेब आहे. तुमचं सहा वर्षांचं एक्सआयआरआर अजून तुम्हालाच माहीत नाही. ते निघालं आणि निर्देशांकापेक्षा चांगलं निघालं, तरी सहा वर्षांत बाजाराने तुम्हाला सगळे ऋतू दाखवलेत असं नाही. शिवाय पगार बंद झाला की घरखर्चासाठी पडत्या भावात विकावं लागतं, आणि ५० टक्के पडलेल्याला परत पहिल्या जागी यायला १०० टक्के चढावं लागतं. या दोन ओळीही शीटमध्ये मांडून पाहता येतील: दरमहा ठरावीक रक्कम काढत गेलात आणि पहिल्याच वर्षी बाजार तिसऱ्या हिश्शाने पडला, तर पुंजी किती वर्षं पुरते? हा तुमचा दुसरा प्रश्न होऊ शकतो. पहिला सुटल्यावर.

रोज अर्धा तास मिळाला तर व्यवहारांची वही महिन्याभरात उभी राहील, कारण जुने उतारे शोधण्यातच निम्मा वेळ जाईल. एक्सआयआरआरचा आकडा आला की मला कळवा. तो कमी असला तरी कळवा.

ता. क. मित्राची फाईल उघडताना ती मॅक्रो चालू करायला सांगते का, ते पत्रात नाही. सांगत असेल तर चालू करू नका. मॅक्रो तुमच्या संगणकावरच्या बाकीच्या फाईलींनाही हात लावू शकतो. इंटरनेटवरून आलेल्या फाईलींतले मॅक्रो मायक्रोसॉफ्टने २०२२ पासून मुळातच अडवायला सुरुवात केली, ती यामुळेच. सूत्रं वाचायला मॅक्रोची गरज लागत नाही. तुमच्या बँकेचे उतारे त्याच संगणकावर असतील, म्हणून हे आवर्जून लिहिलं.